घटसर्पाच्या पेटीतली बाळंतीण

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी असे रकाने होते. मांजरीला रकाना नव्हता. कुणी मांजर घेऊन आलंच तर तिची नोंद ‘इतर’मध्ये व्हायची. तिच्या शेजारी कधी पोपट असायचा, कधी विहिरीत पडलेलं माकड. दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावरच्या त्या दवाखान्यात मी पशुवैद्यक होते आणि वर्षभरात ‘इतर’ची दहा-बारा नावं झाली तरी पुष्कळ. २०२०च्या जूनमध्ये त्या रकान्यात एक नाव आलं आणि दोन महिने खालीच उतरेना.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दुपारबद्दल कोकणात प्रत्येकाची एक गोष्ट आहे, माझी काही वेगळी नाही. आम्ही दार लावून आत बसलो होतो आणि डोक्यावरचे पत्रे एखाद्या ट्रकसारखे खडखडत होते. संध्याकाळी बाहेर आलो तर समोरची सुपारीची बाग आडवी. नुसती मोडलेली नाही, भाताची कापणी झाल्यासारखी एका बाजूला झोपलेली. वीज गेली ती गेलीच. लसींचा फ्रीज बंद पडला, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर दर पन्नास पावलांवर झाड. दुसऱ्या दिवसापासून माझं काम ठरलं: कोसळलेल्या गोठ्यांखाली मेलेल्या जनावरांचे पंचनामे आणि शवविच्छेदन. मदत मिळायची तर कागद लागतो आणि कागदावर माझी सही लागते. सकाळी कोयता घेतलेला एक माणूस पुढे, मी मागे, असे आम्ही निघायचो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तर परिचर काका ओसरीवर बसले होते. म्हणाले, “मॅडम, मागल्या खोलीत कोणतरी बाळंत झालंय.”

गाय विते, म्हैस विते, शेळी विते. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसाला हा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण ते ‘बाळंत’ म्हणाले आणि मग आम्ही सगळे तेच म्हणू लागलो. तिचं नावही तेच पडलं, बाळंतीण.

मागच्या खोलीचे चार पत्रे उडाले होते. उरलेल्या छपराखाली, द्रव नत्राच्या जारच्या आड, थर्मोकोलची रिकामी पेटी होती. मे महिन्यात तिच्यातून गुरांच्या घटसर्पाची लस आली होती. बर्फ टिकावा म्हणून दोन इंच जाडीची केलेली ती पेटी, तिच्यात ही करडी पट्टेवाली मांजर पाच पिल्लं घेऊन पडली होती. जी पेटी थंडावा बाहेर जाऊ देत नाही ती ऊबही जाऊ देत नाही, हे तिला कुणी सांगितलं असेल? त्या ओल्या, गळक्या खोलीत तिने नेमकी तीच जागा हेरली होती.

मी तिला ओळखत होते. ती खरं तर किनाऱ्यावरची. हर्णैला लिलाव सुरू असताना टोपल्यांखालून जे निसटतं त्यावर तिच्यासारख्या कितीतरी जगतात. मार्चअखेर लॉकडाऊनने लिलाव थांबवला, तेव्हापासून एकेक मांजर गावात वर सरकू लागली. ही आमच्या आवारात आली. काका तिला डब्यातलं काहीबाही घालत. मे महिन्यात तिचं पोट दिसू लागलं, तसा त्यांचा डबा जड येऊ लागला.

माझ्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा होता. लॉकडाऊनमध्ये सगळ्या महाराष्ट्राने केक केले, तसे मीही केले होते. सेलवर चालणारी घरातली ती एकमेव वस्तू. त्यावर वाटी ठेवून पिल्लं तोलली: ९८, ९४, ९१, ८९ आणि ६२ ग्रॅम. पहिली दोन केशरी, तिसरं काळं-पांढरं, चौथं आईसारखं पट्ट्यांचं आणि शेवटचं तीन रंगांचं, म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. नखाएवढे पंजे, मिटलेले डोळे, कान डोक्याला चिकटलेले. मांजराचं पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं जन्मतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं. पिल्लू ओरडतंय की गप्प आहे, पोट गोल दिसतंय की नाही, यावरून फसायला होतं. काटा फसवत नाही. रोज सकाळी पंचनाम्याला निघण्यापूर्वी पाच आकडे लिहायचे, एवढं मी ठरवलं. वहीही तीच होती, पंचनाम्याची. पुढून मेलेली जनावरं, मागून ही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात कापसाची वात आणि वाटीत कोमट दूध. त्यांच्या मागे गावातली चार पोरं. “लहान हायत, भूक लागली असंल.”

पिल्लं दिसली की माणसाचा हात पिल्लांकडेच जातो. कुणालाही आईला वाढावंसं वाटत नाही. मी इतक्या वर्षांत ‘मांजर व्यालीय, पिल्लांना काय देऊ?’ हा प्रश्न पुष्कळ ऐकला. ‘मांजरीला काय देऊ?’ असं विचारणारं माणूस मला आठवत नाही. आणि खरं काम तर तिथेच असतं. आई जिवंत आहे, जवळ आहे, पाजते आहे, तर पिल्लांना आपण काहीही द्यायचं नाही. आपण आईचं पोट भरायचं, पुढचं ती बघते. पहिल्या १६ ते १८ तासांत पिल्लाच्या पोटात तिचा चीक जातो. गाईच्या चिकाचा आपण खरवस करून खातो, म्हणून तो शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण तो मुळात वासराची पहिली लस असतो. मांजरीचंही तसंच. तिच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. आपल्या वाटीतलं दूध पिल्लाला लागतं पातळ आणि वरून त्यातली साखर बाधते. मग हगवण. शंभर ग्रॅमच्या जिवाला हगवण किती वेळ सोसणार?

मी काकांना वाटी बाजूला ठेवायला सांगितली. ते नाराज झाले. दूध नको म्हणणारी डॉक्टर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

मग ते आईसाठी पेज घेऊन आले. मऊ भाताची, वर तुपाची धार. बाळंतिणीला देतात तशीच. जड काही नको, पोटात वारा धरतो, हे शास्त्र त्यांच्या घरात चार बाळंतपणांवर पारखलेलं होतं. मांजरीने वरचं तूप चाटलं आणि पेजेकडे पाठ करून बसली.

मांजर पेज खात नाही हा नखरा नाही. तिचं शरीरच मांसावर बेतलेलं आहे. गाजरातला पिवळा रंग आपण अ जीवनसत्त्वात बदलतो. तिला ते जमत नाही, ते तिला आयतं लागतं. टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे, तोही तिचं शरीर पुरेसा बनवत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की तयार खाद्यावर वाढलेल्या कित्येक मांजरांची हृदयं फुगून दुबळी पडत होती ती या टॉरिनच्या कमतरतेने, आणि ते दिलं की कितीतरी सावरत होती. गाभण मांजरीला ते कमी पडलं तर पिल्लं मेलेली जन्मतात, जगली तर खुरटतात. गंमत अशी की हा पदार्थ १८२७ साली पहिल्यांदा वेगळा केला तो बैलाच्या पित्तातून आणि नावही बैलावरूनच पडलं. बैलाला तो बाहेरून लागत नाही, तो स्वतःचा स्वतः बनवतो. मांजरीला मात्र दुसऱ्याच्या अंगातूनच मिळवावा लागतो. जन्मभर बैलांची सेवा केलेल्या माझ्यासारखीला ही वाटणी थोडी अन्यायाची वाटते.

तर मांस हवं, मासे हवेत, अंडी हवीत. आणि थोडीथोडकी नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत दूध वाढत जातं आणि त्या टोकाला आईला एरवीच्या दुप्पट-अडीचपट अन्न लागतं. तिचं पोट काही त्या मानाने वाढत नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. शेजारी पाण्याचं भांडं कायम भरलेलं, कारण दूध म्हणजे शेवटी पाणीच.

हे सगळं सांगायला सोपं. समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या, पुढे पावसाळ्याची बंदी. अर्ध्या गावाच्या कोंबड्या खुराड्यांसकट गेलेल्या. शहरात एका फोनवर मांजरीच्या खाद्याची पिशवी दारात येते, ती इथे दापोलीपर्यंतही पोचत नव्हती. माझ्या घरात तांदूळ, डाळ, बटाटे आणि केकचा मैदा.

खालच्या आळीतल्या मावशी मासे विकायच्या. त्यांच्या घराची कौलं उडाली होती, मी त्यांच्या शेळीला बघायला गेले होते. शेळीच्या पायाला पट्टी बांधता बांधता सहज बोलले, आमच्याकडे एक बाळंतीण आलीय आणि तिला घालायला काही नाही. मावशींनी विचारलं, कोण बाळंतीण, कुठली? मांजर म्हटल्यावर हसल्या. मग ताडपत्रीखालून पत्र्याचा डबा काढला. आगोटीची बेगमी होती ती. पावसाळ्याच्या तोंडावर सुकी मासळी भरून ठेवायची, चार महिने त्यावर काढायचे. डबा बंद होता म्हणून वाचला. दोन मुठी बोंबील त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिले.

मी म्हटलं, “मावशी, अहो तुम्हालाच पुरायचे नाहीत.”

“बाळंतीण हाय ना ती? मंग?” त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

खारवलेला बांगडाही त्यांच्याकडे होता, तो मी घेतला नाही. इतकं मीठ मांजरीला झेपत नाही. बोंबील मी रात्री पाण्यात घातले, सकाळी ते पाणी टाकलं, शिजवून हाताने कुस्करले, काटे काढले. एका अंड्याबरोबर मिसळून पुढे ठेवलं. पेटीतून ती अर्धीच बाहेर आली. मागचे पाय आत, पिल्लं आचळांना लोंबकळतायत आणि पुढचं अंग भांड्यात. खाताना तिच्या घशातून एक आवाज येत होता, गुरगुर आणि घुरघुर यांच्या मधला. भांडं रिकामं झाल्यावरही ती ते बराच वेळ चाटत राहिली आणि ते भांडं ओसरीच्या फरशीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकलं.

मोठ्या गावातलं चिकनचं दुकान आठवड्यातून दोनदा उघडू लागलं, तेव्हा पंचनाम्याच्या वाटेवरून मी हृदयं आणि पेटे आणू लागले. हृदयात टॉरिन भरपूर असतं. कांदा-लसूण काही न घालता शिजवायचं, कारण कांद्याने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, टॉरिन त्यात उतरतं. काका ते पाणी ओततील म्हणून मी भांड्यावर झाकणाऐवजी चिठ्ठी ठेवली होती. कलेजी मात्र चवीपुरती. रोज कलेजी घातली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

एक दिवस मी ती पिशवी घेऊन येत असताना एक गृहस्थ वाटेत भेटले. त्यांच्या घराचं छप्पर गेलं होतं, दोन म्हशी गेल्या होत्या, त्यांचा पंचनामा मीच केला होता. पिशवीत काय आहे ते त्यांना कळलं. म्हणाले, “माणसांना निवारा नाही आणि तुम्ही मांजराला कोंबडी घालताय, मॅडम.” आवाजात राग नव्हता. राग असता तर काही उत्तर देता आलं असतं. मी गप्प राहिले. अजूनही मला त्याचं उत्तर सुचलेलं नाही. त्या दिवसानंतर मी पिशवी बॅगेत, औषधांच्या खाली ठेवून आणू लागले, एवढं खरं.

वहीतले आकडे चौघांचे चढत होते. तिरंगीचे नाहीत. ६२, ६४, ६३. पिल्लं दोन-तीन दिवसांत आपापलं आचळ ठरवून घेतात. मांजरीला आठ आचळं असतात, जागेची टंचाई नव्हती. पण हिला धरून ठेवायची ताकदच नव्हती. बाकीचे लाथा मारत घुसायचे, ही ढकलली जायची.

पाचव्या रात्री मेणबत्ती घेऊन बघायला गेले तर ती पेटीच्या कोपऱ्यात, घोळक्यापासून लांब पडली होती. हाताला गार. तोंड उघडत होती, आवाज नव्हता. काका मागे उभे होते. “आता तरी द्या दूध.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, शाळेतली एक मुलगी दप्तरातून असंच गार पिल्लू घेऊन आली होती. मी तेव्हा नवी होते आणि समोर मुलगी रडत होती. मी ताबडतोब कोमट दूध ड्रॉपरने पाजलं. तान्ह्या बाळाला घेतात तसं पिल्लाला उताणं धरून. दोन्ही गोष्टी चूक. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, घातलेलं दूध तिथेच नासतं. आणि उताण्या पिल्लाच्या नाकातोंडातून ते फुप्फुसात जातं. संध्याकाळपर्यंत ते गेलं. मी त्या मुलीला सांगितलं, ‘ते फारच अशक्त होतं गं.’ ती मान डोलावून गेली. आता ती मोठी झाली असेल, आणि अजून ते तसंच मानत असेल.

तर आधी ऊब. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. सलाईनच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत गरम पाणी भरलं, तिच्यावर दोन पदरी फडकं गुंडाळलं, पण आधी तिरंगीला मी ओढणीत घालून पोटाशी धरलं. पिल्लू सावकाश गरम व्हायला लागतं, एकदम भाजून चालत नाही. तासभर मी ओसरीवर बसून होते. बाहेर मिट्ट काळोख, कुठेतरी जनरेटरचा आवाज. तासाभराने पोटाशी काहीतरी चुळबुळलं. मग बाकीच्या चौघांना काकांच्या टोपीत काढून ठेवलं आणि तिरंगीला एकटीला आईच्या मागच्या आचळाशी लावलं. तिथे दूध जास्त उतरतं. ती चुकली, परत लावलं, परत चुकली. मग जिभेची पन्हाळ झाली आणि दोन्ही पंजे आईच्या पोटावर मागेपुढे चालू लागले. वाटी नाही, वात नाही, ड्रॉपर नाही. दिवसातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं, बाकीच्यांना टोपीत ठेवून तिला एकटीला पाजायचं, हे काकांनी स्वतःहून आपल्याकडे घेतलं. दूध देण्यापेक्षा ते त्यांना बरं वाटलं असावं, कारण यात त्यांच्या टोपीलाही काम होतं.

दुसऱ्या दिवशी ६६. त्यानंतर ७१.

आणि त्याच आठवड्यात पहिला केशरी, ९८ ग्रॅमवाला, सगळ्यांत दांडगा, सकाळी मेलेला सापडला. आदल्या दिवशी तो १४७ होता. ना हगवण, ना जखम, ना थंडी. मी शवविच्छेदन केलं. दिवसभर तेच तर करत होते. काही मिळालं नाही. काकांनी त्याला पडलेल्या फणसाच्या मुळाशी पुरलं. वहीत त्याच्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि बाकीच्यांचे आकडे लिहिले.

माणसांची वर्दळ तिला आवडत नव्हती. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, हिने दोनच दाखवली: पेटीतून जुन्या फायलींच्या कपाटात आणि मी पोरांना हाकलून खोलीला कडी घातल्यावर परत पेटीत. दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे किलकिले होऊ लागले. निळे, धुकट.

आता त्या रात्रीचं. पिल्लं एकोणीस दिवसांची होती. केशरी तीनशेला टेकला होता, तिरंगीसुद्धा १९० वर आली होती. दुधाचं शिखर जवळ येत होतं. त्या संध्याकाळी बाळंतिणीने खाल्लं नाही. येरझाऱ्या घालत होती, पिल्लं जवळ आली की उठून जात होती. नवाच्या सुमारास काकांनी हाक मारली. ती आडवी पडली होती, चारही पाय ताठ, अंगभर थरथर, तोंड उघडं टाकून धापा.

माझ्या मनात पहिल्यांदा विष आलं. वादळानंतर घराघरांत धान्य भिजलं होतं, उंदीर माजले होते, लोकांनी औषध घातलं होतं. मी त्याच दिशेने विचार करत राहिले आणि त्यात दहा मिनिटं गेली. गाईचा दुग्धज्वर मी शेकड्याने पाहिलाय. नुकती व्यालेली दुभती गाय, रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात जातं आणि ती बसते ती उठत नाही. अंग लुळं, कान गार, मान वळवून कुशीत घातलेली. मांजरीत आणि कुत्रीत रोग तोच, पण चित्र उलटं. लुळं नाही, ताठ. म्हणून ओळख पटायला वेळ लागला. पट्ट्यांचं पिल्लू त्या थरथरणाऱ्या पोटाला अजून चिकटून पीत होतं, ते काढायला हात घातला आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कॅल्शियमच्या बाटल्या कपाटात होत्या, गाईच्या, ४५० मिलीच्या. गाईला एक अख्खी बाटली शिरेतून जाते. मांजरीला लागणार होतं ते जेमतेम अर्धा चमचा, तेही पातळ करून. कॅल्शियम शिरेतून भराभर गेलं तर हृदय बंद पडतं. काकांनी मोबाइलचा उजेड धरला, मी पुढच्या पायाची शीर शोधली. गाईच्या मानेवरची शीर म्हणजे बागेतली रबरी नळी, ही शिवणाचा दोरा. एका हाताने पिचकारीचा दट्ट्या, कानात स्टेथोस्कोप. ठोके मंदावले की थांबायचं. दोनदा थांबले. वीस मिनिटांनी तिचा जबडा मिटला. अर्ध्या तासाने तिने मान उचलून माझ्या हाताला चावायचा प्रयत्न केला.

आता मात्र पिल्लांसाठी वाटी-पिचकारी घ्यावीच लागली, कारण किमान रात्रभर तिला पाजू द्यायचं नव्हतं. चौघं टोपलीत आरडत होती. पिल्लांसाठीची दूध-पावडर मी पुण्याच्या मैत्रिणीकडे सांगून ठेवली होती, पण ती यायची होती. शेजारच्या शेळीचं दूध आणि अंड्याचा पिवळा बलक घोटून घेतला. ही काही पिल्लांची सोय नव्हे, एका रात्रीची उसनवारी. पिल्लाला पालथंच ठेवायचं, आईखाली असतं तसं, मान किंचित वर, पिचकारी ओठाच्या कडेला, थेंबाथेंबाने. शंभर ग्रॅम वजनाला एका वेळी चार मिलीच्या वर नाही. दर साडेतीन तासांनी. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं. आई चाटते ते नुसती माया म्हणून नाही, त्या वयात तिच्या चाटण्याशिवाय त्यांना लघवीही होत नाही. काका शेवटचं काम करायला आधी लाजले, मग माझ्यापेक्षा सफाईने करू लागले.

पहाटे तीनच्या पाळीला काका म्हणाले, “मॅडम, एक सांगू का?”

मे महिनाभर ते तिला गाईंचं कॅल्शियम पाजत होते. ते गोड औषध, जनावरांना तोंडातून देतात ते. पोटुशी आहे, हाडं झिजू नयेत म्हणून, रोज एक झाकण भाकरीवर. सुनेला दिवस असताना डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात होतं.

मी काही बोलले नाही. गाभणपणी बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की मानेतल्या ज्या ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात सोडतात त्या सुस्तावतात. मग वेत होतं आणि दूध वाढतं, तेव्हा त्यांना एकाएकी जाग येत नाही. भाकड गाईला कॅल्शियम पाजू नका, हे मी गोठ्यागोठ्यांत सांगत फिरले होते. माझ्याच कपाटातली बाटली उतरत होती आणि मला पत्ता नव्हता. त्यामुळेच झालं का? की महिनाभराच्या अर्धपोटी राहण्याने झालं? छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. काकांना एवढंच सांगितलं की आता मात्र तेच औषध तिला द्यायचंय, थेंब मोजून, जेवणात, आणि ते तुम्हीच द्यायचं. ते माझ्याकडे बघत राहिले. काल चुकीचं, आज बरोबर, औषध तेच; त्यांना मी वेडी वाटले असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पिल्लांना थोडा थोडा वेळ तिच्यापाशी सोडलं. तीन दिवसांनी मदतीच्या ताडपत्र्या घेऊन पुण्याहून ट्रक आला, त्यात ताडपत्र्यांच्या घडीत माझा पावडरचा डबा होता. रात्रीच्या दोन पाळ्या डब्यावर, बाकी आईवर, असं दहा दिवस चालवलं. चौथा आठवडा संपता संपता कुस्करलेले बोंबील बशीत पातळ करून ठेवले. पिल्लं आधी त्यात चालली, मग बसली, मग पाय चाटताना त्यांना कळलं की हे खायचं असतं. त्यांना जंताचं औषध दिलं, आईलाही. मांजरीच्या दुधातूनच जंत पिल्लांत उतरतात. जुलैत वीज आली. काटा परत स्वयंपाकघरात गेला, केक मात्र पुन्हा झाला नाही.

उंदरांमुळे मांजरांना मागणी होती. केशरी आणि काळं-पांढरं दोन घरांत गेलं. पट्ट्यांचं मावशींकडे, आगोटीच्या डब्याच्या राखणीला. बोंबलांचा राखणदार म्हणून मांजर नेमणारी ती एकच बाई. आवाराच्या भिंतीवर एक जबड्या बोका येऊन बसू लागला, तेव्हा मी बाळंतिणीची शस्त्रक्रिया उरकून घेतली. दूध आटलं होतं. एरवी पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि हिच्या अंगात आणखी एक बाळंतपण झेपण्याजोगं काही उरलेलं नव्हतं.

३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली. तीन-चार दिवसांनी मावशी दवाखान्यात आल्या, पदराआड पानात गुंडाळलेले दोन बांगडे. ताजे, डोळे चकाकणारे. “पयले तिला,” म्हणाल्या. काकांनी एक ओसरीवर ठेवला. बाळंतीण आली, वास घेतला, तोंडात धरला आणि खाल्ला नाही. तो लांबलचक बांगडा दोन्ही बाजूंनी लोंबकळत घेऊन ती मागच्या खोलीकडे गेली. तिथे घटसर्पाच्या पेटीत आता एकटी तिरंगी झोपायची, साडेआठशे ग्रॅमची. आईने बांगडा पेटीसमोर टाकला आणि घशातून हाक घातली. तिरंगी उठली, मासा दाताखाली धरला आणि आईवरच गुरगुरली. आई मागे सरून, पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

काकांनी दुसरा बांगडा उचलला, आईच्या पुढ्यात ठेवला आणि ती खाऊन संपवेपर्यंत दोघींच्या मध्ये पाय रोवून उभे राहिले.